घर असताना हॉटेल कशाला?

“सुनंदाबेन, तिसरा मजला तीन रात्रींसाठी रिकामा करून घ्या,” नीरवसर म्हणाले.

“तिथे माणसं राहतात, सर.”

“हॉटेलात माणसंच राहतात,” ते म्हणाले आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले.

मी बडोद्यात मकरपुरा रोडवरच्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिस मॅनेजर आहे. फ्रंट ऑफिस म्हणजे रिसेप्शन आणि रिझर्व्हेशन. कुणाला कोणती रूम द्यायची हे आम्ही ठरवतो आणि त्याबद्दलची बोलणीही आम्हीच खातो. आमचं हॉटेल बहात्तर रूम्सचं, साधं, स्वच्छ. पर्यटक आमच्याकडे जवळजवळ येतच नाहीत. बडोद्याला येणारा पर्यटक सकाळी राजवाडा बघतो, दुपारी जेवतो आणि त्या जगातल्या सर्वांत उंच पुतळ्याच्या दिशेने निघून जातो. आमच्याकडे येतात ते इंजिनिअर, ऑडिटर, सर्व्हिस टेक्निशियन, मशीन विकणारे आणि मशीन बिघडलं म्हणून धावत आलेले. बाविसाव्या वर्षी मी इथे टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. आज केस पांढरे झालेत आणि टेलिफोन बोर्ड गेला, पण काउंटर तेच आहे.

नीरवसर आमचे जनरल मॅनेजर. माझ्यापेक्षा बरेच लहान. माणूस हुशार, बोलायला गोड, पण त्याला रिकामी रूम बघवत नाही. ही सवय हॉटेलच्या धंद्यात चांगली मानतात.

तिसऱ्या मजल्यावर त्या वेळी आठ माणसं राहत होती. मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका कंपनीत नवी भट्टी बसत होती, तिची माणसं. त्यांचे म्होरके सेल्वमसाहेब, कोइम्बतूरचे, साठीचे. भट्टीच्या आतल्या विटांचं काम ही त्यांची खासियत. पाच महिने ते आमच्याकडे होते. रोज संध्याकाळी कामावरून आले की काउंटरशी थांबून “मॅडम, टुडे ऑल गुड” एवढं सांगायचे आणि वर जायचे. मी कधी विचारलं नव्हतं, तरी सांगायचे.

या माणसांच्या रूम्स कंपनीतर्फे हर्षदभाई बुक करायचे. ते कंपनीचे अ‍ॅडमिन मॅनेजर. चौदा वर्षं त्यांचं आणि आमच्या हॉटेलचं नातं होतं. वर्षाचे बारा महिने त्यांच्या आठ-दहा रूम्स आमच्याकडे लागलेल्या असायच्या. त्यांच्या कंपनीत दर दोन वर्षांनी कुणीतरी म्हणायचं की, हॉटेल कशाला, फ्लॅट घेऊन गेस्टहाउस करा. आणि दर वेळी हर्षदभाई सांगायचे की नाही, तिथे सुनंदाबेन आहेत, माझं माणूस दारात उभं राहिलं आणि रूम नाही असं कधी झालेलं नाही. त्यांच्याशी आमचा लेखी करार होता. त्यात बारीक अक्षरात एक ओळ होती की रूम उपलब्ध असल्यासच मिळेल. हर्षदभाईंनी ती ओळ कधी वाचली नाही, कारण पहिल्याच वर्षी मी त्यांना तोंडी सांगितलं होतं, “तुमच्या रूम्स कुठे जाणार नाहीत, भाई. मी आहे ना.” या बाजूला धंदा असाच चालतो. कागद फाइलला लावायचा आणि व्यवहार शब्दावर करायचा.

तर तिसरा मजला रिकामा कशाला करायचा होता? मॅचसाठी.

बडोद्यात बऱ्याच वर्षांनी मोठी आंतरराष्ट्रीय मॅच होणार होती, शहराबाहेरच्या नव्या स्टेडियमवर. वेळापत्रक दुपारी जाहीर झालं. संध्याकाळी चहाच्या वेळी आमच्या सिस्टिममध्ये बुकिंग धडाधड पडायला लागली. रोज किती नवी बुकिंग आली याला आम्ही पिकअप म्हणतो. एरवी आमचा पिकअप पाच-सहा रूम्सचा. त्या दिवशी दोन तासांत मॅचच्या आदल्या रात्रीच्या आणि मॅचच्या रात्रीच्या सगळ्या रिकाम्या रूम्स गेल्या. दुसऱ्या दिवशी नीरवसरांनी भाडं दुप्पट केलं. तरी ट्रॅव्हल साइटवाल्यांचे फोन चालूच. मग तिप्पट केलं.

त्या आठवड्यात मी एक चार्ट केला. रंगीत, नीटस. कुठून किती बुकिंग आली, किती वेगाने आली, आणखी रूम्स असत्या तर किती भरल्या असत्या. चार्ट मीच केला हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी नीरवसरांना बरीच नावं ठेवणार आहे. अहमदाबादला मोठी मॅच असली की तिथली गर्दी उतू जाऊन आमच्यापर्यंत येते, आमचं हॉटेल खचाखच भरतं, हा आमचा अनुभव होता. मग मॅच आपल्याच गावात असल्यावर काय होईल? उत्तर उघड वाटत होतं. मालकांना चार्ट आवडला. आणखी रूम्स कुठून आणायच्या एवढाच प्रश्न उरला आणि सगळ्यांच्या नजरा तिसऱ्या मजल्याकडे वळल्या.

“सर, हर्षदभाईंना मी शब्द दिलेला आहे,” मी म्हटलं.

“करारात लिहिलंय का?”

“करारात उलटंच लिहिलंय.”

“मग झालं तर. तीनच रात्री, बेन. त्यांना दुसरीकडे आपणच नेऊन ठेवू. चौथ्या दिवशी परत. माणसं समजून घेतात.”

आपल्याकडे जागा आहे म्हणून आलेल्या पाहुण्याला दुसऱ्या हॉटेलात पाठवण्याला आमच्या धंद्यात वॉक करणं म्हणतात. नवख्या रिसेप्शनिस्टला वाटतं की पाहुण्याला चालत पाठवायचं. चालत नाही, गाडीनेच पाठवतात, पण त्याला ते चालत गेल्यासारखंच वाटतं.

मी हर्षदभाईंना फोन केला नाही. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. मकरपुऱ्याला त्यांच्या ऑफिसात गेले. त्यांनी पाणी दिलं, चहा मागवला. मी चहा यायच्या आत सांगून टाकलं.

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, “सुनंदाबेन, आ शुं कर्युं तमे? त्याच आठवड्यात माझा ड्राय-आउट आहे.”

ड्राय-आउट म्हणजे काय, ते मला त्यांनी समजावून सांगितलं. नवी भट्टी बांधली की एकदम पेटवत नाहीत. आतल्या विटांमध्ये आणि गिलाव्यात ओल असते. तापमान तासातासाने थोडं थोडं वाढवत न्यायचं, म्हणजे ओल हळूहळू निघून जाते. घाई झाली की विटा तडकतात आणि पाच महिन्यांचं काम पाण्यात जातं. हे चार दिवस अखंड चालतं आणि त्यासाठी सेल्वमसाहेबांची आठ माणसं पाळीपाळीने भट्टीसमोर बसतात. म्हणून तर ती माणसं मकरपुऱ्यापासून दहा मिनिटांवर हवी होती.

“तारीख पुढे नाही का ढकलता येणार?” मी विचारलं. विचारताना मलाच लाज वाटली.

“मॅच पुढे ढकलता येईल का?” ते म्हणाले.

चहा आला. ते पुढे म्हणाले, “गेस्टहाउस करा म्हणून डायरेक्टर माझ्या मागे लागलेत. मी नाही म्हटलं, तुमच्या भरवशावर. आता त्यांना काय सांगू?” आणि मग, माणूस मुळातच सज्जन असल्यामुळे, स्वतःच म्हणाले, “चालो, जोई लईशुं. बघून घेऊ. पण राहायला चांगली जागा द्या. आणि बस वेळेवर पोचली पाहिजे. एवढं बघा, बेन.”

एवढं बघायचं मी कबूल केलं.

जागा शोधायला लागले तेव्हा कळलं की बडोद्यातल्या सगळ्या हॉटेलांनी माझ्यासारखेच चार्ट केले आहेत. सगळ्यांनी आपापल्या नेहमीच्या माणसांना बाहेर काढलं होतं आणि आम्ही सगळे एकमेकांना फोन करून त्यांच्यासाठी जागा मागत होतो. शेवटी वाडीतल्या एका लॉजमध्ये आठ माणसांची सोय झाली. लॉज स्वच्छ होता, मालक ओळखीचे होते. पण वाडी म्हणजे जुनं शहर. पोळांच्या, म्हणजे जुन्या दाट वस्त्यांच्या, चिंचोळ्या गल्ल्या, दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने मागे सरकायचं. कंपनीची बस आत जाण्याची शक्यता नव्हती. बस मोठ्या रस्त्यावर उभी राहणार आणि माणसं पाच मिनिटं चालत तिथपर्यंत जाणार असं ठरलं.

याच दिवसांत एका रविवारी कोल्हापूरहून विजयभाऊजींचा फोन आला. हे माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. अविनाशनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, फोन स्पीकरवर टाकला.

“वहिनी, मॅचला यायचं म्हणतोय. मी, दोन्ही मुलं आणि मेव्हणे. तिकिटं मिळाली तर.”

“या की.”

“तुम्हाला त्रास नको म्हणून हॉटेल बघून ठेवलंय.”

“घर असताना हॉटेल कशाला?” मी जवळजवळ ओरडलेच. “लोक काय म्हणतील? मी हॉटेलात नोकरी करते म्हणून पाहुण्यांनाही हॉटेलात ठेवते?”

“बरं बरं, घरीच येतो,” ते हसून म्हणाले.

पाठोपाठ नणंदेचा नाशिकहून फोन आला. तीही नवऱ्याला आणि दिराला घेऊन येणार होती. तिलाही मी हेच सांगितलं. आमचं सुभानपुऱ्यातलं घर दोन बेडरूमचं. पण आम्हा मोहित्यांच्या घरात जागेचा हिशेब करत नाहीत. सासऱ्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत होते. तेव्हापासून गावाकडचा जो कुणी बडोद्याला येईल तो मोहित्यांकडे उतरणार, अशी रीत आहे. अविनाश म्हणाला, “जो ने, गाद्या कमी पडतील. शेजारच्या पटेलांकडून मागून आणतो.” पटेलांकडेही सुरतेहून पाच माणसं येणार होती. त्यांना स्वतःलाच गाद्या हव्या होत्या.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. घरी आले की मी हॉटेल विसरते आणि हॉटेलात गेले की घर, याचा मला तोपर्यंत अभिमान होता.

तिकीटविक्री सुरू झाली आणि बघता बघता संपली. त्या संध्याकाळपासून आमची बुकिंग रद्द व्हायला लागली. साइटवरची बहुतेक बुकिंग फ्री कॅन्सलेशनची होती, म्हणजे येण्याच्या चोवीस तास आधीपर्यंत फुकटात रद्द करता येणारी. तिकीट नाही तर रूम कशाला, म्हणून पहिली लाट गेली. मला फार चिंता वाटली नाही. ज्यांना तिकिटं मिळाली ते तर येतीलच ना?

मॅचच्या दोन दिवस आधी, दुपारी, शेवटची मुदत संपत आली तेव्हा दुसरी लाट आली. मी स्क्रीनसमोरून हललेच नाही. एकेक नाव पुसलं जात होतं. मुदत संपली तेव्हा आमचं निम्म्याहून जास्त हॉटेल रिकामं होतं. मी उठून नीरवसरांच्या केबिनमध्ये गेले.

“सर, तिसरा मजला हलवायची गरज उरली नाही. सेल्वमसाहेबांना राहू द्या.”

“वॉक-इन येतील,” ते म्हणाले. वॉक-इन म्हणजे बुकिंग न करता थेट दारात येणारा पाहुणा. “मॅच आहे, बेन. रात्री सुटेल. हजारो माणसं. त्यांना झोपायला जागा नको?”

“आणि नाही आले तर?”

“तुमचाच चार्ट आहे.”

हे खरं होतं. मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. टेबलावर हात ठेवून, आवाज चढवून म्हणायला हवं होतं. मालकांना फोनही करता आला असता. इतक्या वर्षांच्या नोकरीत तेवढा हक्क मी मिळवला होता. पण चार्ट माझा होता आणि तो चुकला असं मालकांसमोर कबूल करण्यापेक्षा वॉक-इन येतील असं मानणं मला सोपं गेलं. मी केबिनमधून बाहेर आले आणि दार हळूच लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठही जणांनी बॅगा खाली आणल्या. सेल्वमसाहेब म्हणाले, “नो प्रॉब्लेम, मॅडम. तीन दिन का बात है.” त्या दिवशी ते ऑल गुड म्हणाले नाहीत. मी आमच्या गाडीने त्यांना वाडीच्या तोंडापर्यंत सोडायला लावलं.

त्याच संध्याकाळी मी घरी पोचले तर हॉलमध्ये सात पाहुणे. कोल्हापूरचे चार, नाशिकचे तीन. सगळ्यांना तिकिटं मिळाली होती. चहाची दुसरी फेरी चालली होती. विजयभाऊजी मोठ्या आवाजात सांगत होते, “वहिनी, तुमच्या हॉटेलाचे भाव बघितले आम्ही. मॅच बघायची की हॉटेल विकत घ्यायचं?”

“आमच्या हॉटेलाचे तुम्ही कशाला बघितले?”

“अहो, वेळापत्रक लागलं त्या दिवशी तुमच्याकडेच दोन रूम्स बुक केल्या होत्या मी. भाव वाढायच्या आधी. वहिनींचं हॉटेल आहे, ओळखीचं आहे, म्हटलं खात्रीसाठी असू देत. मग तुम्ही घरी या म्हणालात. मग काय, परवा रद्द केल्या. फुकटच होतं ना.”

नणंद म्हणाली, “आम्ही पण केली होती एक. वहिनीच्या हॉटेलात नाही, स्टेशनजवळच्या. मनात होतं, वहिनीला बरं नसलं, काही अडचण निघाली, तर हाताशी असावी.”

मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या चार्टमध्ये ज्या रंगीत रेघा वर चढत गेल्या होत्या, त्यात हे होते. कोल्हापूरहून दोन रूम्स, पहिल्याच दिवशी. मालकांना मी त्या रेघांवर बोट ठेवून दाखवलं होतं की बघा, महाराष्ट्रातून केवढी मागणी आहे. त्याच रेघांच्या जोरावर सेल्वमसाहेब वाडीत गेले होते. आणि त्या दोन रूम्स रद्द कुणी केल्या? मीच, स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी राहून.

बडोद्यात मराठी घरं किती आणि गुजराती किती? त्या आठवड्यात त्या सगळ्या घरांमध्ये कुणी ना कुणी फोनवर हेच वाक्य ओरडलं असणार. पाहुण्याला हॉटेलात उतरू देणं आमच्याकडे घराला कमीपणा आणणारं मानतात, आणि पाहुण्यालाही हे ठाऊक असतं. तरी तो आधी हॉटेल बुक करतो, म्हणजे आग्रह झाला नाही तर लाज जायला नको. अहमदाबादच्या मॅचला आमचं हॉटेल भरायचं, कारण ती माणसं लांबून विमानाने आलेली, इथे कुणी नसलेली असायची. आमच्या गावच्या मॅचला आली ती आमच्याच गोतावळ्यातली. जे नात्यातले नव्हते ते अहमदाबाद, सुरत, आणंद, भरूचचे. एक्स्प्रेसवेने दीड-दोन तासांत घरी पोचणारे. हे सगळं मला चाळीस वर्षांपासून माहीत होतं. फक्त ते चार्टमध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं हे माहीत नव्हतं.

मॅचच्या दिवशी सकाळी काउंटरवर पोचल्याबरोबर मी नीरवसरांना न विचारता हर्षदभाईंना फोन केला.

“भाई, तिसरा मजला रिकामा आहे. माणसांना आत्ताच परत आणा. चूक माझी झाली.”

“आज नको, बेन,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि त्याचंच मला वाईट वाटलं. “अर्धी माणसं भट्टीवर आहेत, अर्धी झोपलीत. आज शिफ्ट बदलून घेऊ. उद्या बघू.”

दुपारी मॅच सुरू व्हायची होती. अकरापासून शहरातले रस्ते वळवले. त्यात वाडीजवळचा तो मोठा रस्ताही होता. बसला पोलिसांनी पुढे काढलं. ड्रायव्हर तिसऱ्याच चौकात उभा राहून फोन करत होता आणि सेल्वमसाहेब तीन माणसांसह ठरल्या जागी उभे राहून बसची वाट बघत होते. शेवटी त्यांनी मला फोन केला.

“मॅडम, बस नहीं. ऑटो भी नहीं. सब बोलता है, स्टेडियम जाना है तो बैठो, मकरपुरा नहीं जाएगा.”

मी त्यांना तिथेच थांबायला सांगितलं आणि हॉटेलची गाडी शोधली. गाडी एअरपोर्टला गेलेली होती. नीरवसरांनी पाठवली होती, एका पाहुण्याला आणायला. पाहुणा येणार नव्हता, पण हे त्यानं कळवलं नव्हतं. बुकिंग करून न येणाऱ्या अशा माणसाला नो-शो म्हणतात. मी ड्रायव्हरला मागे फिरवलं. तोही वळवलेल्या रस्त्यांमध्ये अडकला.

मी फोन कानाला लावून उभी होते आणि आमची लॉबी भरत चालली होती. निळे टी-शर्ट, गालावर तिरंगे, हातात भोंगे. वर्षभरात आली नसतील इतकी माणसं त्या दुपारी आमच्या दारातून आत आली. नीरवसर केबिनमधून लगबगीने बाहेर आले, टाय सरळ केला.

“या, या. रूम हवी ना?”

“ना ना. वॉशरूम कुठे आहे, भाई?”

सगळ्यांना वॉशरूम हवं होतं. काहींना मोबाइल चार्ज करायचा होता. एका कुटुंबाने सोफ्यावर डबा उघडला, थेपले आणि छुंदा काढला आणि मलाही दिला. मी घेतला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि थेपले छान होते. एका काकांनी विचारलं, दोन तास पडायला रूम मिळेल का, अर्ध्या भाड्यात. नीरवसर नाही म्हणाले. काका आभार मानून सोफ्यावरच पडले.

सेल्वमसाहेब भट्टीवर पोचले ते दोन तास उशिरा. कशीबशी मिळालेली रिक्षा अर्ध्या वाटेत अडकली आणि शेवटचा टप्पा ते चालत गेले होते, खांद्यावर बॅग घेऊन, त्या वयात. आधीच्या शिफ्टची माणसं थकून गेली होती. त्यांनी शहाणपण दाखवलं, तापमान पुढे वाढवलं नाही, आहे तिथे धरून ठेवलं. विटा वाचल्या. पण वेळापत्रक विस्कटलं. भट्टी सुरू व्हायला काही दिवस उशीर झाला आणि पहिला माल ज्या तारखेला निघायचा होता त्या तारखेला निघाला नाही. हर्षदभाईंना डायरेक्टरनी केबिनमध्ये बोलावलं. आत काय झालं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

मॅच रात्री संपली. आपण जिंकलो. सकाळी मी हिशेबाच्या वहीत नाही, फक्त किल्ल्यांच्या फळीकडे बघितलं. फळी किल्ल्यांनी भरलेली होती. वॉक-इन आले ते चार.

शहराचा फायदा झाला नाही असं कुणी म्हणू नये. सेवउसळवाल्यांची पातेली दुपारीच रिकामी झाली. स्टेडियमजवळच्या गावांत लोकांनी शेतं सपाट करून पार्किंगला दिली. रिक्षावाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. परत जाताना लोकांनी लीलो चेवडो आणि भाखरवडीची दुकानं रिकामी केली. दिवसापुरत्या आलेल्या माणसाने दिवसाचा खर्च केला. रात्रीचा खर्च करायला तो राहिलाच नाही, आणि आम्ही तर रात्र विकणारी माणसं.

सेल्वमसाहेबांची माणसं परत आली, काम संपवलं आणि गेली. निघताना त्यांनी माझे हात हातात घेतले आणि कोइम्बतूरला घरी यायचं निमंत्रण दिलं. हॉटेल बुक करू नका, असंही सांगितलं. मी हसले, पण रडायला आलं होतं.

दोन महिन्यांनी हर्षदभाई स्वतः आले. काउंटरवर नाही, लॉबीत बसले. चहा घेतला. म्हणाले, “मांजलपूरला चार फ्लॅट घेतलेत आम्ही. आचारी ठेवलाय. तुम्हाला दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून आलो.”

“माझ्या एका चुकीसाठी, भाई?”

“चुकीसाठी नाही, बेन. चूक मी सांभाळून घेतली असती. पण डायरेक्टरनी विचारलं, पुन्हा मॅच आली तर तुमच्या बेन काय करतील? चौदा वर्षं माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. त्या दिवशी नव्हतं.”

त्यांना मी दारापर्यंत सोडायला गेले. अजून सणाला फोन करतात, चौकशी करतात. कामाचं काही बोलत नाहीत.

मी त्यातून काय शिकले? आता शहरात काहीही मोठं असलं की सकाळच्या ब्रीफिंगमध्ये मी प्रत्येकाला विचारते, त्या दिवशी तुमच्या घरी किती पाहुणे आहेत? हाउसकीपिंग, किचन, सिक्युरिटी, सगळ्यांना. नवी मुलं चमकतात. पण हा आकडा चार्टपेक्षा खरा निघतो. त्यांच्या घरात जितके पाहुणे, तितकं आमचं हॉटेल रिकामं.

मध्यंतरी पुन्हा एका मॅचचं वेळापत्रक लागलं. संध्याकाळी बुकिंग धडाधड पडायला लागली. नीरवसर स्वतः माझ्या काउंटरवर आले. चुकीतून शिकलेला माणूस होता तो, मी उगीच नावं ठेवते. गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “सुनंदाबेन, या वेळी काही झालं तरी नेहमीच्या माणसांच्या रूम्सना हात लावायचा नाही.”

मी त्यांना तिसऱ्या मजल्याची यादी काढून दाखवली. त्यावर एकही नाव नव्हतं.